थ्रॅशिंग : संगणकाच्या मंदगतीचा इतिहास

थ्रॅशिंग : एकाच वेळी अनेक आज्ञावली चालविणाऱ्या संगणकात मुख्य स्मृती अपुरी पडली म्हणजे मुख्य स्मृती व दुय्यम स्मृती यांच्यामध्ये माहितीची ने-आण करण्यातच यंत्राचा बहुतेक काळ खर्ची पडून प्रत्यक्ष काम जवळजवळ थांबते. या अवस्थेस थ्रॅशिंग ही संज्ञा आहे. घरगुती संगणकावर पत्रलेखन, हिशेबाचा तक्ता, चित्रसंपादन व आंतरजालावरील पाच-पंचवीस पृष्ठे एकाच वेळी उघडली असता यंत्र एकाएकी रेंगाळू लागते, डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत राहतो व कळ दाबल्यावर अक्षर उमटण्यास कित्येक सेकंद लागतात, हे या अवस्थेचे सर्वपरिचित रूप होय. मूळ इंग्रजी शब्द मळणी या अर्थाच्या शब्दाचेच रूपांतर आहे. खळ्यात कणसे न घालता बैल फिरवीत राहावे, तसा हा प्रकार असतो.

ही मंदगती घरगुती संगणकाबरोबर जन्मास आली, असा समज आढळतो. वस्तुतः तिचे निदान घरगुती संगणक अस्तित्वात येण्यापूर्वी, १९६०–७० या दशकात, मोठ्या विद्यापीठीय व व्यापारी संगणकांवर झाले. प्रक्रियक (प्रोसेसर) मंद आहे म्हणून यंत्र मंदावते, हे त्या काळी अभियंत्यांनाही स्वाभाविक वाटणारे स्पष्टीकरण चुकीचे ठरले. तीच चूक पुढे घरोघरी पुन्हा होत राहिली.

पूर्वपीठिका : पहिल्या पिढीतील संगणकांची मुख्य स्मृती अत्यंत तोकडी व महाग होती. मोठी आज्ञावली तीत मावत नसे. त्यामुळे आज्ञावली लिहिणाऱ्यास तिचे तुकडे पाडून, कोणता तुकडा केव्हा आत आणावयाचा व कोणत्या तुकड्याच्या जागी ठेवावयाचा, याचे वेळापत्रक स्वतःच आखावे लागे. हे काम किचकट असून त्यात बराच वेळ जाई. ते यंत्राकडेच सोपविण्याची कल्पना बर्लिन येथे फ्रिट्स-रूडॉल्फ ग्युंच यांनी १९५०–६० या दशकातील आपल्या प्रबंधात मांडली होती. तिचे प्रत्यक्ष यंत्रात अवतरण मात्र इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात झाले. तेथे टॉम किलबर्न यांच्या मार्गदर्शनाखाली व फेरांटी कंपनीच्या सहकार्याने तयार झालेला ॲटलस संगणक डिसेंबर १९६२ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची मुख्य स्मृती चुंबकीय कोअरची असून तीत ४८ बिटांचे १६,३८४ शब्द मावत. फिरत्या चुंबकीय ड्रमवर त्याच्या सहापट, म्हणजे ९८,३०४ शब्दांची सोय होती. दोहोंची विभागणी ५१२ शब्दांच्या पृष्ठांत केलेली होती. आज्ञावलीस मात्र ही दोन्ही साठवणे मिळून एकच सलग स्मृती भासे. हवे असलेले पृष्ठ कोअरमध्ये नसल्यास (या प्रसंगास पृष्ठत्रुटी म्हणतात) यंत्र आज्ञावली क्षणभर थांबवून ते पृष्ठ ड्रमवरून आणी. या व्यवस्थेस निर्मात्यांनी ‘एकस्तरीय साठवण’ असे नाव दिले होते. पुढे तिला आभासी स्मृती म्हणू लागले.

नवे पृष्ठ आणावयाचे तर जुने कोणते काढावयाचे, हा प्रश्न ॲटलसच्या रचनाकारांनी सोडविण्याचा चांगला यत्न केला. प्रत्येक पृष्ठ किती काळ वापरले जाते व किती काळ पडून असते याची नोंद ठेवून, दीर्घकाळ लागणार नाही अशा पृष्ठाचा अंदाज बांधणारी ‘शिकाऊ’ आज्ञावली त्यांनी योजिली होती. कोअरमधील एक पृष्ठाची जागा नेहमी मोकळी ठेवलेली असे; म्हणजे मागणी येताच ड्रमवरील पृष्ठ त्या जागी आणता येई व बाहेर घालवावयाच्या पृष्ठाची निवड त्याच वेळात होई. ही सर्व दक्षता आवश्यकच होती. कोअरमधील शब्द सु. २ मायक्रोसेकंदांत हाती येत असे, तर ड्रम फिरून अपेक्षित जागा येण्यास सरासरी ६ मिलिसेकंद, म्हणजे सु. तीन हजारपट वेळ लागे.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह वाहू लागला होता. छापणी, फितीचे वाचन यांसारख्या मंद कामांकरिता महागडा प्रक्रियक खोळंबून राहू नये म्हणून मुख्य स्मृतीत एकाहून अधिक आज्ञावली ठेवाव्यात व एक थांबली की दुसरी चालवावी, हा विचार क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९५९ मध्ये पॅरिस येथील परिषदेत मांडला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये कालविभागणी पद्धतीचे प्रात्यक्षिक केले. एक संगणक अनेक जणांनी आपापल्या टंकयंत्रावरून वापरावयाचा व प्रत्येकास तो आपल्या एकट्याचाच वाटावयाचा, हे या पद्धतीचे सार होय. त्या प्रात्यक्षिकात एका व्यक्तीची आज्ञावली संपूर्णपणे उचलून चुंबकीय फितीवर ठेवीत व दुसऱ्याची आत आणीत. ही घाऊक अदलाबदल सावकाश चाले. पण एका वेळी एकाच व्यक्तीची आज्ञावली आत असल्याने स्मृतीसाठी स्पर्धा नव्हती. आभासी स्मृती व बहुआज्ञावली या दोन कल्पना एकत्र नांदू लागल्यावर मात्र ही स्पर्धा सुरू झाली.

समस्येचा उदय : १९६५ नंतर अनेक संस्थांनी पृष्ठपद्धतीवर आधारित कालविभागणीचे संगणक हाती घेतले. आयबीएम कंपनीचे ३६०/६७ हे यंत्र व त्यावरील टीएसएस/३६० ही परिचालन प्रणाली यांचा त्यात मोठा गाजावाजा झाला होता. प्रत्यक्षात ही प्रणाली अपेक्षेच्या मानाने फारच मंद ठरली. तिच्या अपयशास स्मृतीची चणचण हे एकच कारण होते असे नाही. परंतु अशा यंत्रांवर वारंवार येणारा एक अनुभव अभियंत्यांना चक्रावून टाकणारा होता. वापरणाऱ्यांची संख्या एका मर्यादेपर्यंत वाढविली तर यंत्र हळूहळू, हिशेबात बसेल इतके मंदावे. मात्र त्यानंतर आणखी एखादाच मनुष्य येऊन बसला की सर्वांचेच काम ठप्प होई. यंत्राचा कोणताही भाग बिघडलेला नसे. प्रक्रियक तपासला तर तो बहुतांशी रिकामा आढळे.

प्रथम दोष पृष्ठे निवडण्याच्या रीतीला दिला गेला. आयबीएममधील संशोधक लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये निरनिराळ्या रीतींचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. भविष्यात सर्वांत उशिरा लागणारे पृष्ठ काढणे ही आदर्श रीत होय, हे त्यांनी दाखविले. भविष्य कोणत्याच यंत्रास ठाऊक नसल्याने ती व्यवहारात आणता येत नाही, मात्र इतर रीती मोजण्यास मापदंड म्हणून ती अद्याप वापरतात. १९६९ मध्ये बेलाडी, नेल्सन व शेड्लर यांनी आणखी एक चमत्कारिक गोष्ट निदर्शनास आणली : सर्वांत आधी आलेले पृष्ठ सर्वांत आधी काढण्याच्या साध्या रीतीत, स्मृती वाढविली असता काही वेळा पृष्ठत्रुटी कमी न होता उलट वाढतात. निवडीच्या रीतीला महत्त्व आहे, हे या अभ्यासांनी सिद्ध झाले. तथापि उत्तम रीत वापरूनही यंत्र कोसळते का, याचा उलगडा त्यांतून होत नव्हता.

डेनिंग यांचे निदान : तो उलगडा पीटर डेनिंग यांनी केला. त्या वेळी ते उपर्युक्त मॅसॅचूसेट्स संस्थेत डॉक्टरेटसाठी अभ्यास करीत होते. मे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी ‘कार्यसंच’ ही कल्पना मांडली. कोणतीही आज्ञावली आपल्या सर्व पृष्ठांना सारख्या प्रमाणात हात लावीत नाही. काही काळ ती ठराविक थोड्या पृष्ठांतच वावरते व नंतर दुसऱ्या गटाकडे वळते. या प्रवृत्तीस स्थानिकता म्हणतात. नजीकच्या भूतकाळातील ठराविक अवधीत ज्या पृष्ठांचा वापर झाला, त्यांचा समूह म्हणजे त्या आज्ञावलीचा त्या क्षणीचा कार्यसंच होय. स्वयंपाक करणाऱ्यास घरातील सगळे डबे ओट्यावर लागत नाहीत, पण चालू पदार्थाचे डबे मात्र हाताशी असावेच लागतात, तसेच हे आहे. कार्यसंच मुख्य स्मृतीत मावला तर आज्ञावली सुरळीत चालते. त्यातील थोडीशी पृष्ठे जरी बाहेर राहिली तरी ती पदोपदी अडते.

अडण्याची किंमत किती, हे एका साध्या हिशेबावरून कळते. मुख्य स्मृतीतील वाचनास सेकंदाचा एक कोट्यांश व डिस्कवरून पृष्ठ आणण्यास सेकंदाचा एक शतांश लागतो असे धरू. घरगुती संगणकांच्या बाबतीत १९९०–२००० या दशकात हे प्रमाण साधारणतः खरे होते. म्हणजे डिस्क एक लाखपट मंद झाली. एक लाख वाचनांत एकदाच पृष्ठत्रुटी आली तरी वाचनाचा सरासरी वेळ दुप्पट होतो. दहा हजारांत एकदा आली तर तो अकरापट आणि हजारांत एकदा आली तर सु. शंभरपट होतो. वापरणाऱ्यास ‘एकाएकी’ वाटणारी मंदगती या गुणोत्तरातून उद्भवते. प्रक्रियक दुप्पट वेगाचा बसविला तरी तो डिस्ककरिता तेवढाच काळ थांबून राहणार, हेही यावरून स्पष्ट होते.

डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील संगणक परिषदेत डेनिंग यांनी थ्रॅशिंगची कारणे व प्रतिबंध यांवर निबंध सादर केला. (याच परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊस व पडद्यावरील खिडक्या यांचे गाजलेले प्रात्यक्षिक करून दाखविले. ज्या सोयीमुळे पुढे घरगुती वापरणारा अनेक कामे एकदम उघडून बसू लागला ती सोय आणि तिच्यामुळे जडणारा विकार यांचे विवेचन एकाच परिषदेच्या वृत्तांतात ग्रथित झाले, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.) डेनिंग यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा : अनेक आज्ञावली एकाच स्मृतीत असताना एकीला पृष्ठ हवे झाले की ते दुसरीच्या कार्यसंचातून हिरावले जाते, दुसरी जागी होताच ती तिसरीचे हिरावते. अखेरीस एकीचाही कार्यसंच पुरा राहत नाही व सर्व आज्ञावली डिस्कच्या रांगेत उभ्या राहतात. येथे परिचालन प्रणालीच घात करी. प्रक्रियक रिकामा दिसताच, कामे कमी पडत आहेत असे समजून ती आणखी एक आज्ञावली आत घेई. त्यामुळे चणचण वाढे, प्रक्रियक अधिकच रिकामा राही व प्रणाली आणखी कामे घेई.

या निदानातून निघणारा उपाय मनाला सहज पटणारा नव्हता. यंत्राकडून अधिक काम हवे असेल तर त्यास काही कामे नाकारली पाहिजेत. ज्यांचे कार्यसंच स्मृतीत एकत्र मावतील तेवढ्याच आज्ञावली चालू ठेवाव्यात व बाकीच्या पूर्णपणे बाहेर थांबवाव्यात, असे डेनिंग यांनी सुचविले. कार्यसंच अचूक मोजणे खर्चाचे असल्याने व्यापारी प्रणालींनी त्याची निरनिराळी अदमासे रूपे स्वीकारली. फ्रान्समधील ग्रनॉबल येथे रॉद्रीगेस-रोसेल व द्युपुई यांनी ३६०/६७ यंत्रावरच कार्यसंचाधिष्ठित व्यवस्था चालवून तिचे निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. तत्पूर्वी, ऑगस्ट १९७२ मध्ये आयबीएमने आपल्या ३७० मालिकेसाठी आभासी स्मृती जाहीर केली होती व ही पद्धती मोठ्या संगणकांत रूढ झाली होती.

घरगुती संगणकात प्रवेश : प्रारंभीच्या घरगुती संगणकांना हा विकार नव्हता, कारण त्यांत एका वेळी एकच आज्ञावली चाले व स्मृती संपली की यंत्र सरळ नकार देई. १९८१ च्या आयबीएम पीसीवर आज्ञावलींसाठी कमाल ६४० किलोबाइट स्मृती उपलब्ध होती. १९८५ मधील अमिगा संगणक अनेक कामे एकदम करी, परंतु त्यात आभासी स्मृती नव्हती. त्याच वर्षी आलेल्या इंटेल ८०३८६ या प्रक्रियकात ४,०९६ बाइटांच्या पृष्ठांची सोय होती. मे १९९० मध्ये आलेली विंडोज ३·० ही प्रणाली या प्रक्रियकावर डिस्कचा काही भाग स्मृतीसारखा वापरू लागली आणि ॲटलसची युक्ती टेबलावरील यंत्रात येऊन पोहोचली. १९९१ मध्ये ॲपलच्या सिस्टिम ७ मध्येही आभासी स्मृती आली. लिनक्स प्रणालीत पृष्ठे डिस्कवर ठेवण्याची सोय जानेवारी १९९२ च्या ०·१२ आवृत्तीत झाली.

ऑगस्ट १९९५ मध्ये विक्रीस आलेल्या विंडोज ९५ साठी किमान ४ मेगाबाइट स्मृती पुरेशी असल्याचे उत्पादकाने सांगितले होते. तेवढ्या स्मृतीवर प्रणाली सुरू होई हे खरे; परंतु एक-दोन मोठ्या आज्ञावली उघडताच डिस्कची घरघर सुरू होई. प्रणाली चालू होण्यास लागणारी स्मृती व काम करण्यास लागणारी स्मृती यांतील हा फरक विक्रीच्या पत्रकांत फारसा स्पष्ट केलेला नसे. आणखी एका कारणाने घोटाळा वाढे. विंडोज ३·१ व तिच्या आधीच्या आवृत्तीत खिडक्या, चित्रे इत्यादींच्या नोंदींसाठी ६४ किलोबाइटांचे लहान राखीव कप्पे होते. ते भरले की पुष्कळ स्मृती मोकळी असतानाही ‘स्मृती अपुरी’ असा संदेश येई. साहजिकच, पदरमोड करून स्मृती वाढविणाऱ्या काहींना तिचा उपयोग दिसला नाही व खऱ्या उपायावरचा विश्वासही उडाला.

या गोंधळाचा फायदा घेणारेही निघाले. १९९५ मध्ये ‘सॉफ्टरॅम ९५’ या नावाची, स्मृती दुप्पट करण्याचा दावा करणारी आज्ञावली मोठ्या प्रमाणावर खपली. मार्क रसिनोविच व ब्राइस कॉग्झवेल यांनी तिची अंतर्गत तपासणी केली असता विंडोज ९५ वर ती स्मृती वाढवीत नसल्याचे आढळले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये तिच्या उत्पादकाविरुद्ध कारवाई केली. पुढील काळातील ‘स्मृती मोकळी करणाऱ्या’ आज्ञावलींची जातकुळी थोडी निराळी आहे. त्या चालू आज्ञावलींची पृष्ठे जबरदस्तीने बाहेर काढतात. मोकळ्या स्मृतीचा आकडा वाढलेला दिसतो, परंतु तीच पृष्ठे लगेच परत आणावी लागल्याने काम अधिकच मंदावते. मोकळी स्मृती ही शिल्लक नसून बहुधा वाया गेलेली जागा असते. आधुनिक प्रणाली ती जागा डिस्कवरील माहितीच्या प्रतींसाठी वापरतात व गरज पडताच सोडून देतात.

निदान : मंदावलेला प्रत्येक संगणक थ्रॅशिंगग्रस्त असतोच असे नाही. विंडोज एनटी ४·० पासून (१९९६) उपलब्ध असलेला टास्क मॅनेजर, मॅक संगणकावरील ॲक्टिव्हिटी मॉनिटर अथवा युनिक्स कुळातील ‘व्हीएमस्टॅट’ यांच्या साहाय्याने भेद करता येतो. प्रक्रियक शंभर टक्क्यांच्या आसपास व्यग्र व डिस्क शांत असेल, तर खरोखरच गणनेचे काम जास्त आहे किंवा एखादी आज्ञावली अडकली आहे. प्रक्रियकाचा वेग नेहमीपेक्षा कमी नोंदला जात असेल, तर पंख्यात धूळ साचून तो तापला असण्याचा संभव असतो. अशा वेळी प्रक्रियक आपण होऊन वेग उतरवितो. डिस्क अखंड व्यग्र असून स्मृती मात्र भरलेली नसेल, तर विषाणुशोधक आज्ञावली, अद्ययावतीकरण वा डिस्कमधीलच बिघाड तपासावा लागतो. शेवटच्या शक्यतेत माहितीची प्रत तत्काळ काढून ठेवणे इष्ट, कारण ती गमावल्यास दुरुस्तीला अर्थ राहत नाही. प्रक्रियक रिकामा, स्मृती काठोकाठ भरलेली व डिस्कवर पृष्ठांची सतत ने-आण, हे त्रिकूट मात्र थ्रॅशिंगचे निश्चित लक्षण होय.

या अवस्थेत वापरणारा अधीर होऊन आणखी कळा दाबतो, दुसरी खिडकी उघडून पाहतो आणि तीच आज्ञावली पुन्हा सुरू करतो. १९६८ पूर्वीच्या परिचालन प्रणालीने केलेली चूक ती हीच. अशा वेळी हात आवरून, सर्वांत जास्त स्मृती व्यापणारी आज्ञावली शोधून ती बंद करणे हाच तात्कालिक उपाय असतो. तिने जागा सोडण्यासही काही वेळ लागतो, कारण बंद होण्याकरिता तिची बाहेर गेलेली पृष्ठे कित्येकदा प्रथम आत यावी लागतात. डिस्कवरील अदलाबदलीची सोयच रद्द करण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. त्याने मंदगती टळते, पण स्मृती संपताच आज्ञावली कोलमडतात व न साठविलेले काम नष्ट होते. कायमचा उपाय दोनच प्रकारचा : कार्यसंच मावतील इतकी स्मृती बसविणे किंवा कामे कमी करणे.

अलीकडील स्थिती : २००८ मधील क्रोमपासून आंतरजालाच्या न्याहाळकांत प्रत्येक पृष्ठासाठी बहुधा स्वतंत्र प्रक्रिया चालविण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे सुरक्षितता वाढली, तसाच स्मृतीचा खर्चही वाढला. दुसरीकडे, फिरत्या डिस्कची जागा घेणाऱ्या स्थिर इलेक्ट्रॉनीय साठवणीमुळे पृष्ठ आणण्याचा वेळ शंभरपटीच्या घरात घटला व थ्रॅशिंगची धार बोथट झाली. ती नाहीशी झाली नाही. मॅक ओएस टेन १०·९ (२०१३) व विंडोज १० (२०१५) यांत न लागणारी पृष्ठे डिस्कवर टाकण्यापूर्वी स्मृतीतच दाबून बसविण्याची सोय आली. अनेक आधुनिक लॅपटॉपमध्ये स्मृती मुख्य फलकावर कायमची जोडलेली असल्याने ती मागाहून वाढविता येत नाही. त्यामुळे पुढील कित्येक वर्षांचा कार्यसंच खरेदीच्या वेळीच ओळखण्याची पाळी ग्राहकावर आली आहे.

डेनिंग यांनी सुचविलेला, कामे नाकारण्याचा उपाय सर्वांत ठळकपणे मोबाइल फोनमध्ये अवतरला. अँड्रॉइड प्रणाली स्मृती कमी पडताच पार्श्वभूमीवरील आज्ञावली वापरणाऱ्यास न विचारता बंद करते. सप्टेंबर २०१५ पासून क्रोम न्याहाळकही, बराच काळ न पाहिलेली पृष्ठे टेबलावरील संगणकाच्या स्मृतीतून काढून टाकू लागला. ॲपलच्या आयफोन व आयपॅड यांत डिस्कवरील अदलाबदल दीर्घकाळ नव्हतीच. २०२२ मध्ये आयपॅडओएस १६ या प्रणालीने काही निवडक यंत्रांवर ती प्रथमच उपलब्ध करून दिली, आणि अनेक खिडक्या एकमेकींवर येतील अशा रीतीने उघडण्याची मुभाही त्याच प्रणालीबरोबर आली.